एका पेशीच्या तीन झाल्या, त्यात सुनेचा काय दोष?

बकरी ईद होऊन आठवडा झाला असेल. रात्रीचे साडेनऊ वाजले होते. भाचीचा फोन आला. सलाम झाला, खुशाली झाली, आणि मग ती थोडी थांबून म्हणाली, "खाला, तुमच्या मोबाइलवर एक कागद पाठवलाय. जरा बघता का?"

चष्मा लावून पाहिलं. वंध्यत्व केंद्राच्या प्रयोगशाळेचा तक्ता होता. सहा ओळी, प्रत्येक ओळीत एका भ्रूणाचा हिशेब. किती वाजता किती पेशी, कोणती प्रत, शेवटी काय केलं. चौथ्या ओळीत लाल शाईनं शेरा होता, 'डायरेक्ट क्लीव्हेज', आणि पुढे 'टाकून दिले'. सहाव्या ओळीत 'अनियमित विभाजन, गोठवले'.

"खाला, याचा अर्थ काय हो? यांच्या अम्मी म्हणतात, मी जिने चढत होते, धुणं धूत होते, म्हणून असं झालं."

सत्तावीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं. पेशीविभाजनाच्या आकृत्या फळ्यावर किती वेळा काढल्या याचा हिशेब नाही. पण तो तक्ता वाचताना लक्षात आलं, की आपण मुलांना शिकवलं ते सगळं सुरळीत झालेलं विभाजन होतं. बिघडलेलं कधी शिकवलंच नाही. मग वाचायला बसले. पुण्यात भ्रूणतज्ज्ञ म्हणून काम करणारी माझी एक जुनी विद्यार्थिनी आहे, तिला दोन-तीनदा फोन केला. जे कळलं ते आधी भाचीला सांगितलं, मग तिच्या सासूबाईंना. आता तुम्हाला सांगते, कारण हा तक्ता हाती घेऊन रात्र काढणारी ती काही एकटी नाही.

तिच्या लग्नाला सात वर्षं झाली. आधी औषधं झाली, मग इंजेक्शनं, मग दोन बांगड्या मोडून आणि पतपेढीचं कर्ज काढून आयव्हीएफ, म्हणजे आपल्याकडे ज्याला टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात ते. तिची अकरा बीजं काढली. त्यातली नऊ पक्व होती. सहा नीट फळली. दोन फळलीच नाहीत, आणि एकात दोनऐवजी तीन केंद्रकं दिसली म्हणून ते बाजूला काढलं. उरलेल्या सहांचा तो तक्ता. पहिल्या ओळीतलं भ्रूण छान वाढलं, पाचव्या दिवशी ते तिच्या गर्भाशयात सोडलं. चौदा दिवसांनी तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. त्या दिवसापासून घरात जिन्याची चर्चा सुरू झाली.

आता आपण त्या काचेच्या बशीत डोकावू.

स्त्रीबीज म्हणजे शरीरातली सर्वांत मोठी पेशी, तरी तिचा व्यास एका मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढाच. शुक्राणू आत शिरला की साधारण सोळा ते अठरा तासांनी सूक्ष्मदर्शकाखाली बीजाच्या मध्यभागी दोन गोल बुडबुडे शेजारी शेजारी दिसतात. एक आईचं केंद्रक, एक बापाचं. दोघांची तेवीस-तेवीस गुणसूत्रं, म्हणजे एकूण सेहेचाळीस. पहिलं विभाजन होण्यापूर्वी पेशी या सेहेचाळिसांची प्रत्येकी एक नक्कल काढते. आता झाले ब्याण्णव धागे. मग पेशीच्या दोन टोकांकडून प्रथिनांचे बारीक दोरे निघतात, प्रत्येक जोडीतला एक धागा इकडे आणि एक तिकडे ओढतात, मध्ये पेशी चिमटते आणि एकीच्या दोन होतात. दोघींकडे सेहेचाळीस-सेहेचाळीस. हे फळणीनंतर साधारण चोवीस ते तीस तासांत होतं. दुसऱ्या दिवशी चार पेशी, तिसऱ्या दिवशी आठ, चौथ्या दिवशी तुतीच्या फळासारखा घट्ट गोळा आणि पाचव्या दिवशी आत पाणी भरलेला फुगा. त्या फुग्याला ब्लास्टोसिस्ट म्हणतात. त्याच्या आतल्या बाजूच्या पुंजक्यापासून बाळ होतं आणि बाहेरच्या थरापासून वार.

हे झालं पुस्तकातलं.

चौथ्या ओळीतल्या भ्रूणात काय झालं? त्यात दोऱ्यांना दोन टोकांऐवजी तीन टोकं झाली. मी भाचीच्या सासूबाईंना हे असं समजावलं. दोन भावांची वाटणी आहे, ब्याण्णव कागद आहेत, दोघांना एकेक पूर्ण संच द्यायचा आहे, तेवढ्यात तिसरा हिस्सेदार दारात उभा राहतो आणि हाताला येतील ते कागद ओढून नेतो. तिघांपैकी कोणाकडेच पूर्ण संच राहत नाही. एकाकडे सातबारा दोनदा, दुसऱ्याकडे एकदाही नाही. एकीच्या एकदम तीन पेशी होतात तेव्हा गुणसूत्रांचं असंच होतं.

याला थेट विभाजन म्हणतात, इंग्रजी शेरा तोच. ओळखायचं कसं? घड्याळावरून. दोन पेशी झाल्यावर त्यांना पुढच्या विभाजनासाठी आपल्या गुणसूत्रांची पुन्हा नक्कल काढावी लागते. या सगळ्याला साधारण दहा-बारा तास लागतात. दोन पेशी झाल्या आणि पाच तासांच्या आत तिसरी दिसली, तर नक्कल पुरी व्हायला वेळच मिळालेला नाही, असा त्याचा सरळ अर्थ होतो. स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या संशोधकांनी २०१२ साली हीच पाच तासांची रेघ धरून हजारो भ्रूणांच्या नोंदी तपासल्या. जवळपास १३.७ टक्के भ्रूणांत थेट विभाजन आढळलं. म्हणजे सातांतलं एक. गर्भाशयात सोडलेल्या अशा भ्रूणांपैकी फक्त १.२ टक्के रुजली. नियमित विभाजनाच्या भ्रूणांत हेच प्रमाण २०.२ टक्के होतं.

हे आकडे वाचून मला दोन गोष्टी वाटल्या. पहिली, शंभरात जेमतेम एक हा फरक फार मोठा आहे, तेव्हा प्रयोगशाळेनं ते भ्रूण मागे ठेवलं यात काही चूक नाही. दुसरी, ज्याचं सगळं सरळ झालं त्याचीही शंभरातली ऐंशी रुजली नाहीत. पहिल्या ओळीतलं भाचीचं भ्रूण त्या ऐंशीतलं. त्यासाठी जिना शोधायची गरजच नव्हती.

बिघाडाचे आणखीही प्रकार आहेत. कधी दोन पेशी होतात आणि काही तासांनी पुन्हा मिसळून एक होतात. माझी विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं चित्रफीत उलटी लागली." कधी एकाच पेशीत दोन-तीन केंद्रकं दिसतात. दुसऱ्या ओळीतल्या भ्रूणात तेच होतं. गंमत म्हणजे हा दोष दोन पेशींच्या टप्प्यावर बराच आढळतो आणि पुष्कळदा चार पेशी होईपर्यंत आपोआप निवळतो, त्यामुळे त्याला फार घाबरत नाहीत. कधी पेशी लहान-मोठ्या होतात. कधी विभाजनाच्या वेळी पेशीचे बारीक तुकडे गळून पडतात, कणीक मळताना परातीत चुरा उरतो तसे. चुरा थोडा असेल तर चालतो. निम्मं भ्रूणच चुरा झालं तर नाही. तक्त्यातली 'प्रत' ठरते ती यावरूनच. वेळेवर किती पेशी झाल्या, त्या एकसारख्या आहेत का, आणि चुरा किती.

आता मूळ प्रश्न. असं होतं का?

एक कारण मला स्वतःला चकित करून गेलं. भ्रूणाचे पहिले दोन-तीन दिवस त्याचे स्वतःचे जनुक जवळजवळ झोपलेले असतात. बीजात आधीपासून भरून ठेवलेल्या शिदोरीवर सगळा कारभार चालतो. प्रथिनं, ती बनवण्याच्या सूचना, ऊर्जा, सगळं त्यातच. चार ते आठ पेशींच्या दरम्यान भ्रूणाचे स्वतःचे जनुक जागे होतात, हे इंग्लंडमधल्या संशोधकांनी १९८८ साली दाखवून दिलं. म्हणजे पहिली दोन-तीन विभाजनं नवशिक्या ड्रायव्हरनं मालकाच्या सांगण्यावर गाडी चालवावी तशी होतात. मोठ्या माणसाच्या शरीरातल्या पेशींत गुणसूत्रं नीट रांगेत लागल्याशिवाय विभाजन पुढे जाऊ न देणारी एक चोख तपासणी असते. या सुरुवातीच्या पेशींत ती ढिली असते. चूक झाली तरी गाडी पुढे निघते.

दुसरं कारण घरातल्या पुरुषांनी वाचावं. विभाजनाच्या दोऱ्यांना टोकं मिळतात ती ज्या सूक्ष्म केंद्रामुळे, ते माणसात बीजाकडून येत नाही. बीज तयार होताना आपलं केंद्र टाकून देतं. ते येतं शुक्राणूबरोबर. म्हणजे पहिल्या विभाजनाची दोरी ज्या खुंट्याला बांधायची, तो खुंटा बापाकडचा. खुंटा कमकुवत असेल किंवा एकाऐवजी जास्त झाले, तर विभाजन तिरकं होऊ शकतं. दरवेळी कारण हेच असतं असं अजिबात नाही. पण सात वर्षं फक्त सुनेच्या तपासण्या होत राहिल्या आणि मुलाची एकच तपासणी, तीही लग्नानंतरच्या दुसऱ्या वर्षी, हे काही न्यायाचं नाही. मी जावयाला सरळ विचारलं, "बेटा, गुटखा सुटला का?" त्यानं मान खाली घातली. शुक्राणू तयार व्हायला सुमारे अडीच ते तीन महिने लागतात. तंबाखू आज सोडली तर तिचा फायदा पुढच्या तिमाहीत दिसेल. उपचाराच्या आदल्या आठवड्यात सोडून त्या शुक्राणूंना काही उपयोग नाही.

तिसरं कारण आईच्या जनुकांतलं आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी हजारो भ्रूणांच्या गुणसूत्रांची तपासणी करून दाखवलं, की आईच्या एका विशिष्ट जनुकाच्या जवळपास असलेला फरक आणि सुरुवातीच्या विभाजनातल्या चुका यांचा संबंध आहे. तो जनुक दोऱ्यांची टोकं घडवण्याच्याच कामातला. हा फरक काही आजार नाही. जगातल्या सगळ्या लोकसमूहांत तो अगदी सहज आढळतो आणि तो असलेल्या असंख्य बायका आई झालेल्या आहेत. त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. बीज तयार होतानाच गुणसूत्रांची जी चूक होते ती आईच्या वयाबरोबर वाढत जाते. पण फळल्यानंतरच्या विभाजनातल्या चुका वयाबरोबर तशा वाढत नाहीत. पंचविशीतही होतात, चाळिशीतही होतात. "उशीर केलात म्हणून" हा टोमणा निदान या चुकीला लागू पडत नाही.

आणि या चुका काही आजारी लोकांपुरत्या नाहीत. बेल्जियममधल्या लुव्हेन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००९ साली पस्तिशीच्या आतल्या, मूल होण्यात अडचण नसलेल्या स्त्रियांची तीन दिवसांची भ्रूणं पेशीपेशीनं तपासली. बहुतेक भ्रूणांत एखाद्या तरी पेशीत गुणसूत्रांचा घोळ सापडला. तुमच्या-माझ्या पोटात जी मुलं राहिली, त्यांच्या आधी-नंतर अशी किती भ्रूणं आली आणि पाळीच्या आधीच विरून गेली, कोणाला पत्ताही लागला नाही. फरक एवढाच, की भाचीची भ्रूणं काचेच्या बशीत होती. तिला सहाच्या सहा दिसली. आम्हाला कधी एकही दिसलं नव्हतं.

हे सगळं सांगून झाल्यावर मी सासूबाईंना एकच गोष्ट पुन्हा सांगितली. चौथ्या ओळीतलं भ्रूण सुनेच्या पोटात कधी गेलंच नव्हतं. ते दोनाऐवजी तीन झालं तेव्हा ते दुसऱ्या शहरात, सदतीस अंशाच्या उबदार पेटीत होतं आणि ही आपल्या घरी कांदा चिरत होती. जिना कुठून आला?

त्या थोडा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "पण जे आत सोडलं, त्याचं काय?"

प्रश्न रास्त होता. भ्रूण सोडल्यानंतर अंथरुणाला खिळून राहिल्यानं ते टिकतं, असं संशोधनात आढळलेलं नाही. काही अभ्यासांत तर सक्तीचा आराम करणाऱ्यांत यश थोडं कमीच दिसलं. गर्भाशय म्हणजे काही उघडी वाटी नाही, उभं राहिलं की सांडायला. नेहमीचं हलकं काम, चालणं, नमाजातला रुकू-सजदा, यानं काही बिघडत नाही. जड उचलणं टाळावं आणि डॉक्टर सांगतील ते ऐकावं, एवढं पुरे.

आता राहिला खरा पेच, सहाव्या ओळीचा.

त्या भ्रूणाचं पहिलं विभाजन नीट झालं. दुसऱ्यात दोन पेशींपैकी एकीच्या दोन झाल्या आणि दुसरीच्या एकदम तीन. चारऐवजी पाच. तरी ते वाढत राहिलं, संथपणे, आणि सहाव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट झालं. त्यांनी ते गोठवून ठेवलं. डॉक्टरांनी विचारलं, हे सोडायचं की पुन्हा नव्यानं बीजं काढायची? नव्यानं म्हणजे पुन्हा इंजेक्शनं आणि पुन्हा कर्ज. हे सोडायचं तर बिघडलेलं भ्रूण पोटात घ्यायचं का? भाचीला रात्रभर झोप नव्हती ती यामुळे. तिनं मला हळूच विचारलं, "खाला, बाळ व्यंग घेऊन आलं तर?"

इथे विज्ञानाचं म्हणणं गेल्या दहा-पंधरा वर्षांत बरंच बदललं आहे. पूर्वी अनियमित विभाजनाचं भ्रूण सरसकट टाकून देत. मग लक्षात आलं, की भ्रूण आपल्या बिघडलेल्या पेशी काही वेळा स्वतःच बाजूला काढतं. चौथ्या दिवशी पेशी एकमेकींना घट्ट चिकटून गोळा होतात, तेव्हा काही पेशी त्या गोळ्यात येतच नाहीत, बाहेर राहतात. इटलीतल्या संशोधकांनी २०१७ साली दाखवलं, की विचित्र विभाजन झालेली काही भ्रूणं पुढे ब्लास्टोसिस्ट झाली तेव्हा त्यांची गुणसूत्रं बरोबर निघाली, आणि बाहेर राहिलेल्या पेशींत मात्र घोळ होता. शिवाय बिघाड कोणत्या पायरीवर झाला यालाही महत्त्व आहे. पहिल्याच विभाजनात तीन झाल्या तर सगळा वंशच बिघडतो. दुसऱ्या विभाजनात एकाच पेशीचं तसं झालं तर दुसरी, चांगली पेशी उरते आणि तिच्यापासून पुढचं सगळं उभं राहू शकतं. भाचीच्या सहाव्या ओळीत हे दुसऱ्या प्रकारचं होतं.

इटलीतूनच २०१५ साली आणखी एक महत्त्वाची माहिती आली. ज्यांच्याकडे दुसरं कोणतंच भ्रूण उरलं नव्हतं अशा अठरा स्त्रियांच्या गर्भाशयात डॉक्टरांनी मिश्र भ्रूणं सोडली. मिश्र म्हणजे काही पेशी नीट, काही बिघडलेल्या. त्यातून सहा निरोगी बाळं जन्मली. अठरांत सहा हा आकडा लहान आहे, त्यावर घर बांधता येत नाही. पण 'बिघडलेलं म्हणजे संपलंच' हे वाक्य त्यानं खोटं ठरवलं. ज्या भ्रूणात मोठा घोळ असतो ते बहुधा रुजतच नाही, किंवा लवकर थांबतं. गर्भ राहिलाच तर पुढे तिसऱ्या आणि पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी असते, रक्ताच्या तपासण्या असतात. त्या सगळ्यांनाच करायच्या असतात, आपण फक्त चुकवायच्या नाहीत.

मी भाचीला निर्णय सांगितला नाही, तो तिचा आणि नवऱ्याचा. मात्र डॉक्टरांना काय विचारायचं ते लिहून दिलं. विभाजन कोणत्या पायरीवर बिघडलं, गोठवताना आतला पुंजका आणि बाहेरचा थर यांची प्रत काय होती, आणि तुमच्याच केंद्रात सहाव्या दिवसाची अशी भ्रूणं किती सोडली, किती रुजली. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली. तिसऱ्या प्रश्नाला समोरच्या समुपदेशक बाईंनी रंगीत पत्रक पुढे केलं. त्यात दोन जादा सेवा होत्या आणि दोन्हींची किंमत आपल्यासारख्या घराला घाम फोडणारी होती.

पहिली, दर काही मिनिटांनी भ्रूणाचा फोटो काढणारा कॅमेरा बसवलेली पेटी. थेट विभाजन, उलटं विभाजन हे सगळं आपल्याला दिसलं ते या कॅमेऱ्यामुळेच, त्याआधी दिवसातून एकदा बशी बाहेर काढून पाहत आणि मधलं सगळं निसटून जाई. संशोधनासाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पण त्यानं पदरात बाळ पडण्याचं प्रमाण वाढतं का? ब्रिटन आणि हाँगकाँगमधल्या केंद्रांत १५७५ जणींवर झालेल्या चाचणीचे निकाल २०२४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. कॅमेऱ्यावरून निवडलेली भ्रूणं, न हलवता वाढवलेली आणि नेहमीच्या पद्धतीची, तिन्ही गटांत बाळ जन्मण्याचं प्रमाण ३३ ते ३७ टक्क्यांच्या दरम्यानच राहिलं. ठोस फरक निघाला नाही. कॅमेरा बिघाड दाखवतो, दुरुस्त करत नाही. केंद्रात तो असेल आणि वेगळे पैसे नसतील तर उत्तम. त्यासाठी बांगडी मोडू नये, हे माझं स्पष्ट मत.

दुसरी, ब्लास्टोसिस्टच्या बाहेरच्या थरातल्या काही पेशी काढून गुणसूत्रं तपासण्याची. वारंवार गर्भपात होणाऱ्यांना किंवा घराण्यात विशिष्ट आनुवंशिक आजार असणाऱ्यांना डॉक्टर अशा तपासण्या सुचवतात, त्याला कारण असतं. पण सरसकट प्रत्येकीला? चीनमध्ये १२१२ स्त्रियांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत चांगली भ्रूणं हाताशी असलेल्या तरुण स्त्रियांना या तपासणीचा फायदा झाला नाही. तपासणी केलेल्यांत ७७.२ टक्के जणींना बाळ झालं, न केलेल्यांत ८१.८ टक्के. आणि आपल्याकडे एकच भ्रूण असेल तर तपासून निवडायचं काय?

याच तपासणीत बाळ मुलगा की मुलगी हेही दिसू शकतं. 'कळलं तर बरं' असं कोणी हळूच सुचवलं तर तिथून उठून यावं. भारतात तो गुन्हा आहे, १९९४ च्या कायद्यानं, आणि २००३ पासून गर्भ राहण्याआधीच्या निवडीलाही तो लागू आहे. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन कायद्यानं प्रत्येक केंद्राची नोंदणी सक्तीची केली आहे. स्त्रीचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ अशी मर्यादा घातली आहे, आणि भ्रूण जास्तीत जास्त दहा वर्षं गोठवून ठेवता येतं. आपल्या भ्रूणांचा तक्ता जरूर मागून घ्यावा आणि जपून ठेवावा, दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर तोच उपयोगी पडतो.

घरात दीनाचा प्रश्नही निघतोच, तो निघायलाच हवा. भाचीच्या सासऱ्यांनी तो आयव्हीएफच्या आधीच काढला होता. कैरोमधून १९८० साली निघालेल्या फतव्यात नवरा-बायकोचंच बीज, निकाह कायम असताना, आणि तिसऱ्या कोणाचा वाटा नसताना या उपचाराला परवानगी दिलेली आहे. जेद्दाच्या आंतरराष्ट्रीय फिक्ह अकादमीनंही १९८६ साली अम्मानच्या बैठकीत हीच भूमिका घेतली. उरलेल्या भ्रूणांबद्दल त्याच अकादमीनं १९९० साली म्हटलं, की गरजेपुरतीच बीजं फळवावीत, आणि तरी उरली तर ती आपोआप संपेपर्यंत तशीच ठेवावीत. दुसऱ्या स्त्रीला देऊ नयेत. चौथ्या ओळीतलं भ्रूण 'टाकून दिले' हे वाचून सासऱ्यांना खटकलं होतं. मी विद्यार्थिनीला विचारून त्यांना सांगितलं, की ते चौथ्या दिवशीच वाढायचं थांबलं होतं, त्यानंतर बाजूला काढलं. ते म्हणाले, "मग ठीक." तरी आपल्या मोहल्ल्याच्या जाणत्या आलिमांना विचारून घ्यावं आणि डॉक्टरांना आपली अट आधीच लेखी कळवावी. अशी अट लिहून घ्यायला केंद्रं सहसा नाही म्हणत नाहीत.

एक जुनी गोष्ट आठवते. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजांच्या हातून अशी मुलगी जन्मली, तेव्हा आमच्या गल्लीत पेपर एका घरातून दुसऱ्या घरात फिरत होता. माझी अम्मी म्हणाली होती, "काचेच्या नळीत मूल वाढतं म्हणे!" वाढत नाही अम्मी, फक्त सुरुवातीचे काही दिवस असतं, असं मी तिला सांगितलं होतं. त्या काही दिवसांत एवढं घडतं, हे तेव्हा मलाही माहीत नव्हतं.

भाची आणि जावई यांनी ठरवलं आहे, की सहाव्या ओळीतलं भ्रूण सोडायचं. नवं चक्र लगेच नाही, आधी कर्ज फिटू दे. जावयानं नव्यानं तपासणी करून घेतली, गुटखा सोडून त्याला सात आठवडे झालेत, असं तो सांगतो आणि भाची मान हलवते. तारीख पुढच्या गुरुवारची आहे. बरोबर कोण जाणार हा प्रश्न होता, कारण जावयाला दुकानातून दोनच दिवस सुट्टी मिळते. काल सासूबाईंचा मला फोन आला. त्या स्वतः जाणार आहेत. मला विचारत होत्या, केंद्रात किती जिने आहेत, आणि लिफ्ट चालू असते ना.

मी म्हटलं, "आपा, जिन्यानं काही होत नाही."

"ते कळलं हो," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे दुखतात."